वहिनींनी शिकवलेला मसावि

मी, खाली सही करणारा, धंद्याने फरशीवाला, आज पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले, डोके जागेवर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. मुलाने आणून पाहिला, मी बधलो नाही.

१. माझ्या पश्चात हे राहते घर माझ्या वहिनींकडे, त्या हयात असेपर्यंत, राहावे. कोणीही त्यांना बाहेर काढू नये. त्यानंतर ते मुलगा व मुलगी यांचे निम्मे-निम्मे. "काकूंना कशाला?" असे मुलगा विचारतो, म्हणून कारण लिहून ठेवतो.

मी दादाच्या हाताखाली काम शिकलो. एकदा त्याने चारचौघांत मला कामावरून हाकलले. म्हणाला, "तुझ्या हाताला माप नाही." मग मी एका नृत्यशिक्षिकेच्या हॉलचे काम एकट्याने अंगावर घेतले. मुली अनवाणी नाचणार, म्हणून तिला फरश्या चौरस, अख्ख्या आणि जमतील तितक्या मोठ्या हव्या होत्या. तुकडा एकही नको. हॉल नऊशे सेंटीमीटर लांब, सहाशे साठ रुंद. पन्नासची फरशी लांबीत बसे, रुंदीत नाही. चाळीसची कुठेच बसेना. शाळेत मसावि आला तेव्हाच छडीच्या भीतीने मी शाळा सोडली होती. हॉलचे काम परत करायला निघालो, तोच दादाला न सांगता वहिनी डबा घेऊन आल्या. माझा चेहरा पाहून त्यांनी खडू उचलला.

"भाऊजी, मोठ्यातून लहान वजा करा. काय उरलं?"

"दोनशे चाळीस."

"आता सहाशे साठातून ते जमेल तितक्या वेळा काढा."

"एकशे ऐंशी उरले. ते दोनशे चाळीसातून काढले, की साठ."

"आणि एकशे ऐंशीतून साठ-साठ काढत गेलं तर?"

"काहीच उरत नाही!"

"मग साठचीच फरशी आणा. याहून मोठी दोन्हीकडे पुरी बसायची नाही. झाला मसावि. यात छडी कुठे आली?"

भिंतीपासून भिंतीपर्यंत फरश्या अख्ख्या बसल्या. तो हॉल पाहून लोक मला बोलावू लागले आणि त्याच कामांतून हे घर उभे राहिले.

२. रबरी हातोडा, ओळंबा व बाकीची हत्यारे मुलीला. तिला या कामाची हौस आहे. जावयाने नाक मुरडू नये.

३. बँकेतली शिल्लक मुलाला. तो मनाने वाईट नाही, उतावळा आहे.

४. दादाने तो हॉल येऊन पाहिला, चपला काढून फरशीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालला आणि निघून गेला. आता तोही नाही. चारचौघांत हाकलल्याचा तो राग मी कोणाच्याच नावे करत नाही.

हे सगळे वहिनींना वाचून दाखवले. म्हणाल्या, "भाऊजी, अख्खं घर कशाला? मला एक खोली पुरे."

"खोली पाहुण्यांना देतात, वहिनी," मी म्हणालो.

त्या डोळे पुसत आत गेल्या. मी सही केली.

साक्षीदार: शेजारचे औषधवाले (सही)
साक्षीदार: वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई (सही)
ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: सोमवार, महिन्याची नऊ तारीख