रविवार वगळून नव्वद दिवस

प्रति,
मा. वरिष्ठ अधिकारी,
परदेशी पाहुणे नोंदणी कार्यालय,
खिडकी क्रमांक सातच्या मागची खोली.

अर्जदार : एक निवृत्त हेडक्लार्क, आस्थापना शाखा (रजा), वय एकाहत्तर. सध्या मुक्काम लेकीकडे, तिसरा मजला.

विषय : पर्यटक व्हिसाची मुदत रविवार वगळून मोजल्याबाबत, व त्याची शिक्षा एकाच इसमास देण्याबाबत.

संदर्भ : खिडकी क्रमांक सातवरील बाईंनी परवा हातात ठेवलेली गुलाबी नोटीस.

महोदय,

१. अर्ज मराठीत आहे, कारण आपल्या दारावर ‘आपल्या भाषेत लिहा, भाषांतर आम्ही करू’ अशी पाटी आहे. भाषांतरकारांनी कृपया काही गाळू नये. लोकांनी गाळलेला मजकूर शोधण्यात अर्जदाराची चौतीस वर्षे गेली आहेत, त्यास लगेच कळते.

२. अर्जदार व सौ. हे लेकीच्या बाळंतपणाच्या वेळी पर्यटक व्हिसावर येथे आले. शिक्क्यावर ‘नव्वद दिवस’ एवढेच होते. आता, किरकोळ रजेत मधले रविवार व सुट्ट्या धरत नाहीत, अर्जित रजेत धरतात, हे शेंबडे पोरही सांगेल. व्हिसा यांपैकी कोणत्या प्रकारात मोडतो याचा खुलासा शिक्क्यावर नव्हता. लेकीकडे राहणे ही किरकोळ बाब समजून अर्जदाराने सतरा रविवार, दुसरे-चौथे शनिवार मिळून आठ आणि मायदेशातील जाहीर सुट्ट्या पाच, असे तीस दिवस वजा केले. तक्ता लेकीच्या फ्रिजच्या दारावर लावला आहे. शेजारच्या रकान्यात जावयांच्या उशिरा येण्याच्या नोंदीही आहेत. त्यांचा या अर्जाशी संबंध नाही.

३. या हिशेबाने एकोणनव्वदाव्या दिवशी, म्हणजे मुदतीच्या एक दिवस आधी, अर्जदार इस्त्रीचा शर्ट घालून ‘आम्ही उद्या कार्यमुक्त होत आहोत’ असे कळवण्यास स्वतः आपल्या कार्यालयात हजर झाला. न बोलावता! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. खिडकीवरील बाईंनी कॅलेंडर उलटेपालटे केले, बोटांवर मोजले आणि सांगितले की, आज एकशे एकोणिसावा दिवस आहे. एकोणतीस दिवस जास्त. दोघांनी आठवड्यात देश सोडावा, आणि पुढे तीन-तीन वर्षे पाऊल टाकू नये. अर्जदाराने सुट्ट्यांची यादी पुढे केली. बाईंनी ती वाचली, शेजारच्या खिडकीवाल्यास दाखवली आणि दोघेही पाणी पिण्यास उठून गेले. हसू आवरण्यासाठीच गेले असावेत. त्याबद्दल तक्रार नाही.

४. घरी आल्यावर सौ. म्हणाली, “अहो, चौतीस वर्षं लोकांच्या रजा कापल्यात, आणि घरची एक मोजता येईना?” हे बरोबर आहे.

५. अडचण अशी की, लेक शहरात बस चालवते. चार महिन्यांनी तिची रजा संपते. पहिली फेरी पहाटे पाचची असते. जावई लिफ्ट दुरुस्त करतात. कुठे माणूस अडकला की त्यांना ताटावरून उठून जावे लागते. पहाटे चारला बाळ सांभाळणारे पाळणाघर अर्जदाराने शहरभर शोधले, नाही. तेव्हा सौ.ने परत यायचे, असे ठरले होते. ती आली नाही तर लेकीची बस सुटली. सात वर्षे खटपट करून मिळालेली नोकरी आहे, साहेब. पोरगी एवढे मोठे धूड वळणावरून असे काढते की, ती रजेवर जाण्याआधीचे चार दिवस अर्जदार मागच्या सीटवर बसून उगाच लोकांकडे बघत असे, कुणी विचारावे म्हणून की ही कोणाची.

६. येथवर लिहून अर्ज पुरा झाला होता. सही तेवढी राहिली होती. परंतु खोट्या नोंदीखाली अर्जदाराने आजवर सही केलेली नाही, म्हणून पुढील मजकूर.

७. कलम दोन अठ्ठ्याण्णवाव्या दिवसापर्यंतच खरे आहे. त्या दिवशी चष्म्याची पावती शोधताना पासपोर्टच्या कव्हरात विमानतळावर दिलेली चिठ्ठी सापडली. तीवर शेवटची तारीख स्वच्छ लिहिली होती. उलटून आठ दिवस झाले होते. अर्जदार चिठ्ठी घेऊन तडक स्वयंपाकघराकडे निघाला. आत सौ. बाळाला मांडीवर घेऊन अर्जदाराच्या घोरण्याची नक्कल करत होती, आणि लेक पोट धरून हसत होती. बाळ झाल्यापासून ही पोरगी हसली नव्हती. न्हाणीघरात नळ सोडून रडायची. आम्हांला सांगायची, कपडे धुते आहे. भिंतीपलीकडे अर्जदाराचा जीव तिळतिळ तुटायचा. त्या दिवशी ती हसली, आणि अर्जदाराने चिठ्ठी कव्हरात परत घातली. शंका नस्तीबंद केली. पुढे एकवीस दिवस मनातल्या मनात देव पाण्यात घातले होते की, इथेही रविवार वगळत असोत. नोटिशीत ‘गैरसमजातून’ असा शब्द आहे. तो खोडून ‘समजून-उमजून’ असा करावा.

८. सबब, गुन्हा एकाचा आहे. सौ.ने आजवर स्वतःचा पासपोर्ट उघडून पाहिलेला नाही. त्यातला फोटो तिला आवडत नाही. ती माझ्या तक्त्यावर विसंबून राहिली. माझा तक्ता चुकेल असे तिच्या ध्यानीमनी नव्हते. करिता विनंती की, दोघांची तीन-तीन मिळून सहा वर्षे सलग अर्जदाराच्या खाती टाकावीत व सौ.ची पाटी कोरी ठेवावी. एकाची शिक्षा दुसऱ्याच्या नावे वर्ग करण्याची तरतूद आपल्या नियमांत नसेल, तर ती करावी. नियम माणसेच करतात. अर्जदाराने तीन केले आहेत. सहा वर्षे पूर्ण भोगू. रविवार धरून.

९. यातले सौ.ला कळू देऊ नये. दंड भरून दोघेही सुटलो, चार महिन्यांनी जोडीने यायचे, अशी तिची समजूत आहे आणि ती अर्जदाराने करून दिली आहे. म्हणून तिने अर्जदाराचा स्वेटर इथल्याच कपाटात घडी करून ठेवला. “उगाच ओझं कशाला न्यायचं आणि परत आणायचं?” म्हणाली. ती बाळाला न्हाऊ घालत असताना अर्जदाराने तो काढून बॅगेच्या तळाशी घातला आहे. नात आता बोट धरते. एकदा धरले की सोडवावे लागते. सहा वर्षांनी तिला ओळख सांगावी लागेल, तर सांगू. सौ.च्या पासपोर्टावर आजच सही व्हावी, माझा सावकाश झाला तरी चालेल.

आपल्या शिक्क्याची वाट पाहत बाहेरच्या बाकावर बसलेला,
आपला नम्र,
अर्जदार
(सही)

दिनांक : मुक्कामाचा एकशे एकविसावा दिवस, सर्व वार धरून.

सोबत :
१) पासपोर्ट, दोन.
२) विमानतळावरची चिठ्ठी, मूळ प्रत.
३) विमानाची तिकिटे : सौ.चे जाऊन परत येण्याचे, अर्जदाराचे फक्त जाण्याचे.