इंजिन उघडलं कुणी?

३ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आईच्या पत्रातून कळलं की तू मोटरसायकलचं इंजिन उघडलंस, मोठा पिस्टन घालतोयस आणि मार्चअखेरीस टेकडीच्या शर्यतीत उतरणार आहेस. आनंद झाला. म्हणजे पुढची ओळ वाचेपर्यंत झाला. पुढे आईनं लिहिलंय की वहिनीही रोज तुझ्याबरोबर शेडमध्ये असते आणि तिचे हात कोपरापर्यंत काळे झालेत.

दादा, इतकी वर्षं तुझ्या हातात पाने मी दिले. तू दहाचा म्हणायच्या आत दहाचा पुढे यायचा, म्हणून तर तू मला पाना म्हणायला लागलास. मोठ्या पिस्टनसाठी मी किती मागे लागले होते! तेव्हा तुझं एकच पालुपद, चाललंय ते बरं चाललंय. आता मी लग्न होऊन इतक्या लांब येऊन पडले, दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांची भिंगं घासते, आणि तुला हॉर्सपॉवर आठवली. माझा नुसता जळफळाट होतोय. वहिनी कपडे सुरेख शिवते, त्यात वाद नाही. पण नटबोल्ट आणि हूकबटण यांत फरक असतो, एवढं तिला सांग.

तुझा लोभ आहेच. त्यातला माझा वाटा कुणाला देऊ नकोस.

तुझी,
पाना

११ फेब्रुवारी

चि. सौ. वन्संस,
अ. उ. आ.

तुमचे दादा पत्राचं उत्तर देत नाहीत हे तुम्हाला ठाऊक आहेच, म्हणून मी बसले लिहायला. हूकबटणांचं वाचलं.

शेडमध्ये मी पहिल्यांदा गेले ती यांना जेवायला बोलवायला. पिस्टनभोवतीची फट मोजताना यांची धांदल पाहवेना, म्हणून मापाची पट्टी हातातून काढून घेतली. बाही असो की सिलिंडर, माप चुकलं की सगळंच चुकलं. आता लेथवाल्यानं सिलिंडर वाढवून दिलाय, मोठा कार्ब्युरेटरही बसवलाय. गाडी चढावर पूर्वीसारखी रडत नाही.

एकच शंका आहे. प्लग काढून पाहिला तर टोक पांढरंफटक दिसतं. हे चांगलं की वाईट? हे म्हणाले, पानाला बरोबर कळलं असतं. हे वाक्य मी उठताबसता ऐकते, वन्सं. तरी विचारते. कळवाल ना?

जावयांना नमस्कार. मनात काही ठेवू नये.

तुमची,
वहिनी

१६ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

प्लग पांढरा म्हणजे इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय. कार्ब्युरेटर मोठा बसवलात, पण त्यातलं जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी ती बारीक भोकाची पितळी नळी, लहानच राहिली असणार. मोठ्या भोकाचं जेट घाल. नाहीतर पिस्टन तापून फुगेल आणि भर वेगात इंजिन जाम होईल. प्लगचं टोक बिस्किटाच्या रंगावर आलं की जमलं समज.

आणि हे मी सांगितलं असं वहिनीला कळू देऊ नकोस. तुलाच सुचलं म्हण. तिनं मापं घ्यावीत, सगळं शिकावं. पण प्लगचा रंग वाचणं तेवढं आपल्या दोघांचं राहू दे.

पत्र वाचून झालं की फाडून टाक, राग मात्र धरू नकोस.

तुझी,
पाना

२ मार्च

चि. सौ. वन्संस,
अ. उ. आ.

तुमचं पत्र आलं तेव्हा यांचे हात ग्रीसनं माखलेले होते. मला म्हणाले, वाच. मी मोठ्यानं वाचलं, शेवटपर्यंत. हे पोट धरून हसले. मी नाही हसले.

मी तुम्हाला सरळ विचारलं होतं, वन्सं. मग मीही हट्टाला पेटले. गाडी छान पळतेय, दर वेळी पानाचंच का ऐकायचं, असं म्हणून जेट बदलू दिलं नाही. मला दुखवायला नको म्हणून हे गप्प बसले. रविवारी सराव करताना चढाच्या मध्यावर इंजिन जाम झालं, मागचं चाक फरफटलं आणि हे उजव्या खांद्यावर पडले. हाडाला तडा गेलाय. हात झोळीत आहे, जिवाला धोका नाही.

तुम्ही लिहिलं होतं तस्संच झालं. यांना रस्त्यावरून उचलताना माझ्या मनात पहिलं काय आलं, सांगू? शेवटी पानाचंच खरं ठरलं, हे आलं. नवरा रस्त्यावर पडलाय आणि मी तुमच्यावर जळतेय! माझीच मला शरम वाटली.

पिस्टनला चरे पडलेत. एकटीनं हे इंजिन मला बांधता येणार नाही. तुम्ही या.

वाट पाहणारी,
वहिनी

८ मार्च

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

शनिवारी येते. माझ्या चोरून लिहिण्यानं दादा पडला, असं आमच्या ह्यांनी मला तोंडावर सांगितलं. दोन दिवस मी अबोला धरला, कारण ते खरं होतं. सिलिंडरचं माप घेऊन ठेव, पिस्टन त्यावरून आणू. मापं तुझी. प्लग आपण दोघी बघू.

भेटीत सगळं बोलूच. तोवर सांभाळून घे.

पाना

२९ मार्च

चि. सौ. पानास,
अ. उ. आ.

डाव्या हातानं लिहितोय, अक्षर सोसून घे. उत्तर पाठवायला मला हाड मोडावं लागलं, असं म्हणशील ते आधीच ऐकून घेतलं.

तू आलीस त्या पहिल्या दिवशी तुम्ही एकमेकींशी शब्दही बोलत नव्हता. अवजारं आदळत होता. मी स्टुलावर जीव मुठीत धरून. तिसऱ्या दिवशी मी चेनबद्दल काहीतरी सुचवलं, तर दोघींनी एका दमात मला गप्प केलं. तेव्हा कळलं, मिटलं.

तू परत गेल्यावर तुझ्या वहिनीनं रोज चढावर सराव केला आणि काल शर्यतीत माझ्या जागी तीच उतरली. पाचवी आली. जिथे गाडी दुसऱ्या गिअरवर कण्हायची, तिथून तिनं ती तिसऱ्यावर वर नेली. लोक येऊन माझंच अभिनंदन करायला लागले. मी सांगितलं, इंजिन बायकोनं आणि बहिणीनं बांधलं. मी फक्त पडलो.

पण घरी आल्यापासून ती तुला पत्र लिहीत बसली आहे. चार पानं झाली. वळणावर गाडीनं ओढ कशी घेतली, प्लग कुठल्या रंगावर आला, मी तीनदा विचारलं. म्हणते, थांबा, आधी पानाला लिहू दे. तुम्ही दोघी माझ्यापायी जळत होता तेव्हा मला मोठी मौज वाटायची. ही मौज नाही गं, आता जळायची पाळी माझी.

तिचं पत्र पोचलं की माझी गाडी कशी चालली ते मला उलट टपाली कळव.

तुझा,
दादा