एकही चूक नाही

१७ डिसेंबर २००५, टाकानिनी

सापडला! कादंबरीचा नायक सापडला — आणि तो बाहेर लॉनवर स्लिपरसारख्या जँडल्स घालून आइस ब्लॉकची कांडी चोखतोय. शार्दूल. माझा धाकटा भाऊ. अमेरिकेतल्या दुय्यम बेसबॉल लीगमधला रिलीफ पिचर, म्हणजे पहिला पिचर दमला की उरलेल्या मॅचपुरता बॉल टाकायला येणारा. सीझन संपला म्हणून घरी आलाय. कादंबरीत वाक्यं नाहीतच! नुसते त्याच्या करिअरचे आकडे. पामर्स्टन नॉर्थच्या युनिव्हर्सिटीतले माझे लेखनाचे प्रोफेसर चक्कर येऊन पडतील.

लीगच्या वेबसाइटवरून सगळं प्रिंट केलं. फील्डिंग: तीन सीझन, चुका शून्य. सरासरी १.०००, म्हणजे शंभर टक्के. पगार त्यालाच विचारला. महिना दीड हजार डॉलर, तोही सीझनपुरता.

बाबांनी प्रिंट हिसकावली. "हजारापैकी हजार! अरे, बोर्डातसुद्धा कोणाला पडत नाहीत!" लगेच पुण्याला काकांना फोन. मग मॅग्नेट लावून फ्रिजवर.

२९ डिसेंबर

कॉन्ट्रॅक्ट आलं!! फेब्रुवारीत मोठ्या टीमच्या कॅम्पला बोलावलंय. तिथे टिकला तर वर्षाला तीन लाख डॉलरच्या वर. आई रडली. बाबा फ्रिजपाशी जाऊन पुन्हा कागद वाचून आले.

३ जानेवारी २००६

काहीतरी गडबड आहे.

त्याच्याच टीममधले बाकीचे पिचर बघितले. तेवढाच खेळ, पण प्रत्येकाने तीस-पस्तीस बॉल अडवलेत. चुका दोन, तीन. शार्दूलने तीन वर्षांत अडवलेत — सहा. बॉलला हातच लागला नाही तर ती सहसा चूक धरत नाहीत, बॅटवाल्याचा हिट धरतात. मग बाकीचे बॉल गेले कुठून? ह्याच्या शेजारून?

विचारलं. "ताई, चिल. पिचरची फील्डिंग कोण बघतं?" हसला. मग हसायचा थांबला.

८ जानेवारी

त्याला पार्कात नेलं. क्रिकेटच्या बॅटने टेनिस बॉल मारत राहिले. उजवीकडचे सगळे पकडले. मग एक डावीकडून — थेट गालावर. लागेपर्यंत त्याची पापणीसुद्धा हलली नाही!

"कधीपासून?"

"दोन वर्षं. मे बी. अगं, समोरचं मस्त दिसतं! डोळ्यांच्या तपासणीचा चार्ट शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो मी." आणि मग, खाली बघत, "आई-बाबांना सांगितलंस ना, तर बघ."

खऱ्या मॅचमध्ये पिचरकडे परत येणारा बॉल गाडीपेक्षा जोरात येतो. तो टेनिसचा नसतो. मी घरी येऊन बाथरूमचं दार लावून बसले.

९ जानेवारी

नाही सांगितलं.

१५ जानेवारी

आमच्याकडे हळदीकुंकू. मृदुलाकाकूंनी सुरुवातच केली — "वसुंधरा, आता मुलींच्या रांगा लागतील गं तुझ्या दारात! तीन लाखवाला!" आई नुसती लाजत होती. तेवढ्यात शार्दूल तिळाच्या लाडवांचं ताट घेऊन आला आणि डाव्या बाजूने दाराच्या चौकटीवर आपटला. लाडू सगळ्या कार्पेटभर. सगळ्या हसल्या. "लक्ष कुठेय रे, नवरदेव?"

मी सरळ किचनमध्ये गेले, बाबांना सांगून टाकलं.

"दिसत नाही?" बाबा म्हणाले. "मग एकही चूक कशी नाही?"

"दिसत नाही म्हणूनच नाही, बाबा."

ते फ्रिजकडे बघत उभे राहिले. बाहेर उखाणे चालले होते. मग हळू आवाजात, "विमान कधीचंय त्याचं?"

२४ जानेवारी

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू. बाविसाव्या वर्षी! गेलेली नजर परत येत नाही. उरलेली वाचवायची — ड्रॉप्स, कदाचित ऑपरेशन. कॅम्प रद्द. कॉन्ट्रॅक्ट गेलं.

गाडीत शार्दूल मला म्हणाला, "तू गप्प बसली असतीस तर मी आत्ता पॅकिंग करत असतो." त्यानंतर माझ्याकडे बघितलं नाही. की मी त्याच्या डावीकडे बसले होते?

डॉक्टर म्हणाल्या, हे घराण्यात असू शकतं. सगळ्यांनी तपासून घ्या.

२ फेब्रुवारी

आई-बाबा दोघंही ठीक. आज माझी पाळी. मशीनमध्ये तोंड घालायचं, दिवा चमकला की बटण दाबायचं; सुटला की कागदावर तिथे काळं. एकदम सोप्पं! दिसला त्या प्रत्येकाला दाबलं, एकही सोडला नाही.

डॉक्टरांनी रिझल्ट माझ्याकडे फिरवला. अर्ध्याहून जास्त काळा.