खिडकीजवळची खुर्ची

पुणे, मंगळवार, सायंकाळ

सुनंदा माधव लिमये, आज भर बैठकीत तुझा आवाज ऐकला.

प्रसूतिगृहाच्या पलंगांच्या निविदेला याआधी दोन वेळा प्रतिसाद आला नाही. या खेपेसही कोणी भरली नाही, तर मंजुरी रद्द होईल आणि बाळंतिणी जमिनीवरच राहतील. म्हणून पुरवठादारांना त्यांच्या शंका विचारता याव्यात, यासाठी मी बोलावले होते. नेहमीप्रमाणे सारे गप्प. प्रतिस्पर्ध्यांसमोर कोण तोंड उघडणार? मग जिन्यात एकेकटे मला गाठतात, आणि तिथे उत्तर देता येत नाही. एकाला सांगायचे ते सर्वांनाच सांगावे लागते.

खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती. तिथूनच, अगदी स्पष्ट: "अहो, पण ते पलंग वरच्या मजल्यावर चढवायचे कोणी?"

प्रत्येक निविदा जेवणानंतर तुला वाचून दाखवीत असे, तेव्हा असेच काही विचारायचीस. तू गेल्यानंतरची ही मात्र मी कोणालाच वाचून दाखवली नव्हती.

तो प्रश्न मी मोठ्याने विचारला. बिबवेवाडीचे एक पुरवठादार हसले. "साहेब, हेच तर आम्ही जिन्यात विचारणार होतो! लिफ्ट तरी आहे का?" मग सगळेच बोलू लागले. उत्तरे सर्वांना लेखी कळवीन. या वेळी भरतील, असे वाटते.

पण मी खरोखरच ऐकले का?

सगळे गेल्यावर खुर्च्या भिंतीशी लावल्या. खिडकीजवळची हलवली नाही. दिवा मालवून "चल" म्हणालो आणि दारात क्षणभर थांबलो.

मग दाराला कुलूप लावले. किल्ल्या पहारेकऱ्याकडे परत दिल्या.