आईनं चावलेला घास

उरा, बुमथांग, भूतान
२० मार्च

लाडक्या छोजोमला,

ताईचे अनेक आशीर्वाद. तुमच्या त्राशीगांगला उकाडा सुरू झाला असेल. इथं अजून सकाळी नळात बर्फ असतो. गायीला कालवड झाली. छपराचे पत्रे बदलले. तुझं पत्र नाही, पण माझी तक्रारही नाही.

माझ्या पोटाचं कुणीतरी सांगितलंच असेल. गेल्या उन्हाळ्यात सरकारी शिबिरात दुर्बीण घातली, तर आत मांसाचे लाल कोंब निघाले, ओल्या ओंडक्यावर अळंबी उगवतात तसे. गाय कुणाला द्यायची ते मी मनातल्या मनात ठरवूनही टाकलं. डॉक्टरीणबाई हसल्या. "मावशी, तुकडा तपासलाय, कॅन्सर नाही. पोटात जंतू आहेत, त्यांच्या दाहानं हे वाढलेत. आधी जंतू मारू. कोंब बहुधा आपोआप जिरतील."

शेजारचे वांगडाकाका म्हणाले, "करोडो जीव मारणार? तू तर माशी मेली तरी हळहळतेस!" म्हणून गोळ्या संपल्यावर मंदिरात जाऊन त्या मेलेल्या जिवांसाठी लोण्याचे दिवे लावले. हसू नकोस.

गेल्या आठवड्यात पुन्हा दुर्बीण. बाईंनी पडदा माझ्याकडे वळवला. छोजोम, काही नव्हतं गं! सपाट, गुलाबी, ओलं. न कापता, न शिवता. माझ्याच आत एवढं घडलं आणि मला पत्ताही नाही! मी हात जोडले. कुणाला, तेच कळेना.

मग विचारलं, हे जंतू आले कुठून? बाई म्हणाल्या, "लहानपणीच येतात, पुष्कळदा आईकडून. आई घास चावून भरवायची का?"

मला कसं भरवलं ते आठवत नाही. आठवतेस तू. मावशी तुला दत्तक न्यायला आली ती सकाळ. आई चुलीपाशी, तू तिच्या मांडीवर. ती कुट्टूची भाकरी चावायची, तुझ्या तोंडात घालायची, पुन्हा चावायची. तुझं पोट भरलं, तू तोंड फिरवलंस, तरी ती चावतच होती. मावशी ओरडली, "अगं, पुरे! माझ्याकडे काय उपाशी मरणार आहे का पोरगी?"

आईच्या दहनाच्या दिवशी तू म्हणालीस, "ती तुझी आई. मला तिनं टाकलं." आणि न जेवता निघून गेलीस.

तुझंही पोट जळतं, तुझ्या नवऱ्यानं फोनवर सांगितलं. शिबिर आता तुमच्याकडे येतंय. जा गं. जंतू निघाले तर ते आईचेच, असं बाईही छातीठोक सांगत नाहीत; मावशीचेही असू शकतील. पण ती सकाळ मी डोळ्यांनी पाहिली आहे.

निघाले तर घाबरू नकोस. एकही गोळी चुकवू नकोस. फक्त पहिली घेण्याआधी जरा थांब. एवढी वर्षं तू रागावलेली होतीस, तेव्हाही तिचा घास तुझ्या पोटात होता.

मग दिवा लावायला इकडेच ये. या वेळी जेवून जा.

तुझ्यासाठी चूल पेटती ठेवणारी,
ताई केलझांग