बोरगावचं मांजर आणि माझी काख

तीर्थरूप राजाआक्कास धाकट्या रवळूचा लांबूनच नमस्कार (हल्ली जवळून कुणी घेत नाही). तू, दाजी, पोरं आणि ती मारकी म्हैस, सगळी खुशाल असालच, कारण नंदगडात प्लेग नाही असं ऐकतो. मला पावसापर्यंत तुझ्याकडं येऊन राहायचं आहे. पण मी निपाणीहून आलेला, गाव मला आत घेईल का याचा घोर आहे, म्हणून आधी तब्येतीची खरी हकीकत लिहितो.

निपाणीत मी वखारीत तंबाखूची पोती उचलत होतो. उंदीर मरून पडायला लागले तसा गाव माळावर झोपड्या घालून राहिला. शेजारच्या झोपडीतले आण्णाप्पा रोज उठल्याबरोबर विचारायचे, "काय रं रवळ्या, काखंत काय लागतंय का?" (या माणसानं जेवलास का म्हणून आजवर कधी विचारलं नव्हतं.) इतकं चाचपल्यावर काख तरी काय करील, ती सुजली. मला प्लेगची गाठ आली असं आण्णाप्पांनी ठरवलं, मीही मान्य केलं, आणि मरायचंच तर ओळखीच्या घरी मरावं म्हणून माझा दोस्त श्रीपाल याच्याकडं बोरगावला चालत गेलो.

बोरगावात एकही उंदीर पडला नव्हता. वेशीतनं आत शिरलो तशी गाठ उतरली. श्रीपालच्या आई पद्मावतीबाई वाढतावाढता म्हणाल्या, "आजारी म्हणतोस, मग भाकरी कुठं जातीया रं?" तोंड भरलेलं होतं, म्हणून मी बोटानंच आणखी एक मागितली.

पण एके दुपारी गल्लीत मेलेला उंदीर सापडला आणि घटकाभरात अख्खी गल्ली आडवी. सकाळी गाडीचं चाक एकट्यानं उचलणारा श्रीपाल "पाणी दे गं" म्हणून कण्हू लागला, पद्मावतीबाईंची कंबर गेली, माझी काख परत ठणकू लागली. दिवस कलता कलता समोरच्या गुणाबाई सांगत आल्या, की उंदीर त्यांच्या मांजरानं मारलाय, मानेवर दात दिसतायत. आक्का, ही जैनांची गल्ली. जीवहत्या झाली म्हणून एरवी हळहळले असते, त्या दिवशी मांजराला कुणी बोल लावला नाही. शिवाय त्यांना दिवस बुडायच्या आत जेवायचं असतं, नाहीतर सकाळपर्यंत उपास. त्यामुळं मरणपंथाला लागलेली सगळी गल्ली अंथरुणं तशीच टाकून चुलीकडं पळाली. श्रीपाल दोघांचं जेवला.

तेव्हापासून माझी खात्री झाली आहे, की आपलं दुखणं आपल्या अंगात कमी आणि शेजाऱ्याच्या तोंडात जास्त असतं. तुझं गाव ठणठणीत, म्हणजे मीही ठणठणीत. तरी येऊ का ते कळव.

तुझा, सध्या तरी धडधाकट,
रवळू

ता. क. उत्तर पोस्टानं पाठवू नकोस. मी तुमच्याच गावाबाहेर चिंचेखाली बसलो आहे. राखणदार भावकू आत सोडत नाही. पत्र कडुलिंबाच्या धुरावर धरून देतो म्हणाला, तेव्हा जिथं वाचता येणार नाही तिथं धूर समज (बाकीचं अक्षर माझंच). दाजींच्या शब्दानं काम होणार नाही. तू स्वतः ये आणि चारचौघांसमोर माझ्या पाठीत एक धपाटा घाल. प्लेग झालेल्याला कुणी हात लावत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. जोरात घातलास तरी चालेल.

आणखी एक. भावकू सकाळी चांगला होता. निपाणीचं नाव ऐकल्यापासून काख चाचपतोय, आणि आत्ताच त्यानं मला विचारलं, "तुला बी लागतंय व्हय?" लवकर ये आक्का, लागायला लागलंय.