पसंतीची चिठ्ठी

कोल्हापूर,
शनिवार, ता. १२ फेब्रुवारी १९२१

चि. जोतीराम यास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. मी बरी आहे. शाळेत परीक्षा चालू आहेत. बाळाबाईचा गुडघा दुखतो, तरी चूल दुसऱ्या कोणाच्या हाती देत नाही. धोंडुबाईचा आठवा महिना सरत आला, हे वाचले. तिला जड उचलू देऊ नकोस. पाणी गड्याने भरावे.

तिला बाळंतपणासाठी इकडे आणायला मी जुनी मोटार घेते आहे, असे मागे लिहिले होते. तो बेत मोडला. दुसरी सोय पाहून कळवीन.

एवढ्यावर पत्र संपवणार होते. पण कारण लिहायला हवे.

पिराजी नावाचा मोटारींचा दलाल आठ दिवस माझ्या मागे आहे. पहिल्या दिवशी नुसती दाखवायला म्हणून मोटार दारात आणली. भोंगा असा वाजवला की शेजारची म्हैस दावे तोडून पळाली. "बाईसाहेब, ही मोटार न्हाय, पाळणा हाय पाळणा! पोटातलं पाणी हलायचं न्हाय." मी चष्मा आणायला आत गेले. बाहेर येते तो बाळाबाईने मोटारीला हळदकुंकू लावून नारळ फोडलेला. पिराजीने लगेच गल्लीभर खोबरे वाटले. "पूजा झाली, बाईसाहेब. आता गाडी तुमची. घरात बाळंतीण यायची हाय, आन् पुजलेलं वाहन दारातनं परत लावता व्हय?"

मी असल्या गोष्टी मानत नाही, हे तुला ठाऊक आहे. पण ते वाक्य मनातून जाईना. शंभर मुलींना नजरेने गप्प करणारी मी, मला त्याला "चालता हो" म्हणता आले नाही.

बुधवारी बाबालाल मिस्त्रीला सोबत घेऊन मोटारीत बसले. त्याची सलमा माझ्या शाळेत आहे. माणूस सरळ. पंचगंगेच्या उतारावर मोटार थांबेना. पिराजी पाय दाबतो, दांडा ओढतो, मोटार आपली नदीकडे. चिपाडांच्या ढिगात शिरली तेव्हा थांबली. माझी छत्री मोडली. पिराजी हसतो, "ब्रेक नवा हाय, लाजतोय!" बाबालालने खाली वाकून पाहिले. "बाई, लाजायला तितं ब्रेक हाय कुठं? झिजून गेलाय की. हितला उतार झेपंना, तवंदीच्या घाटात नेली तर..." तुमच्याकडून येताना तोच घाट लागतो.

मी मोटार नको म्हणून स्पष्ट सांगितले. तेव्हापासून सकाळी शाळेच्या फाटकाशी भोंगा, संध्याकाळी दाराशी भोंगा. काल मी आतून कडी लावून बसले आणि बाई घरात नाहीत, असे बाळाबाईकडून सांगवले. मुलींना खोटे बोलल्याबद्दल छडी देणारी मी. तो ओट्यावरूनच ओरडला, "असू दे! वैनीसाहेबांस्नी मोटारीतनंच दारात उतरवतो, मग बाई न्हाय कशा म्हणत्यात बघू!" मला ती बडबड वाटली.

जोतीराम, एवढे लिहिते तो बाबालाल धापा टाकत आला. पिराजीने मोटार धुऊन, पेट्रोल भरून ठेवली आहे. उद्या दिवस उगवताच तुमच्याकडे नेसरीस निघणार.

गावाचे नाव त्याला मीच दिले. त्याहून वाईट आहे ते आता लिहिते.

पूजेच्या दिवशी तो दारातून हलेना. मिरजेच्या मालकाला दाखवायला दोन ओळी द्या, मग जातो, म्हणाला. एकदाचा जावा म्हणून दिल्या : "मोटार पसंत आहे. नेसरीहून भावजयीस आणण्यासाठी हवी." खाली पूर्ण नाव, बी. ए., हेडमिस्ट्रेस. ती चिठ्ठी त्याच्या खिशात आहे. आणि माझे अक्षर पाहिले की तू पुढे काही विचारत नाहीस.

गेल्या खेपेसही विचारले नाहीस. बैलगाडीने लगेच निघा, असे मी लिहिले. तुम्ही निघालात, आणि निपाणी यायच्या आधीच मूल गेले. तू मला कधी बोलला नाहीस. धोंडुबाईही नाही. मीही त्यावर आजवर एक शब्द लिहिला नाही. मोटारीची घाई मला का झाली होती, ते समज.

म्हणून सांगते. चिठ्ठी खरी आहे, अक्षर माझे आहे, तरी तिला मोटारीत बसवू नकोस. तो पूजेचे सांगेल, अपशकुनाचे सांगेल, मी अंथरुणाला खिळले आहे असेही सांगेल. काहीही सांगो, तिला घराबाहेर काढू नकोस. नेसरीतच बाळंत होऊ दे. परीक्षा दुसऱ्या बाईंवर सोपवून मीच इथली सुईण घेऊन येते. मंगळवारपर्यंत पोचेन. बैलगाडीने.

बाबालाल आत्ताच सायकलवर निघतो आहे. सायकल मोडली तर पळत जाईन, म्हणतो. त्याला जेवू घाल.

त्या चिठ्ठीखाली हेडमिस्ट्रेसची सही आहे. तिचे ऐकू नकोस. हिचे ऐक.

फार भ्यालेली,
तुझी आक्का